एक कॉइल गेली म्हणून तिन्ही बदलायच्या का?



३१ जुलैला बंदी संपते. किनाऱ्यावर होड्यांना रंग देणं चाललंय, माडाखाली जाळी पसरलीत, आणि पडवीत गुंडाळून ठेवलेल्या मोटारी ज्याने त्याने बाहेर काढल्यात. मेकॅनिकच्या दारात रांग लागलेली आहे. अशा वेळी दरवर्षी एकच प्रश्न माझ्या टेबलावर येतो, आणि दरवर्षी मी त्याला अर्धवट उत्तर देऊन वेळ मारून नेतो. या वेळी नीट लिहायचं ठरवलं. पटलं तर घ्या, नाही पटलं तर खाली लिहा.

प्रश्न आला तो असा. गेल्या मोसमात आमच्या एका सभासदाच्या घरची काकी ऑफिसात आली. म्हापशाच्या बाजारात बसून मासे विकते ती. पाटी बाहेर ठेवली, पदराच्या गाठीतून घडी केलेलं एक बिल काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "बाबा, मोटारीची एक कॉइल गेली होती, असं आमच्या झिलाने सांगितलं. मग बिल तीन कॉइलचं कसं?"

मी तिला सांगितलं, "काकी, एक गेली की बाकीच्याही जातात, म्हणून मेकॅनिक तिन्ही बदलतात."

तिने विचारलं, "जातात म्हणजे? गेल्या होत्या की जाणार होत्या?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिने दुसरा प्रश्न केला. "आणि काढलेल्या दोन चांगल्या कुठे आहेत?" त्याचंही उत्तर नव्हतं. त्या मेकॅनिककडेच राहिल्या होत्या. बिलाचे पैसे तिने साठवलेल्या पैशांतून दिले होते. त्यात मुलीच्या फीचेही पैसे होते.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल सचिव एका बाजूने बोलतोय.

त्याच मोसमात आणखी एका होडीची कॉइल गेली. तीन सिलिंडरची मोटार, मधला सिलिंडर बंद. होडीवाल्याने मला फोन केला, काय करू? काकीचं बिल माझ्या डोक्यात ताजं होतं. मी मोठ्या शहाणपणाने सांगितलं, "गेली तेवढीच बदल, उगाच खर्च करू नको." त्याने तसंच केलं. तीन आठवड्यांनी संध्याकाळी परत येताना दुसरी कॉइल गेली, आणि ती गेली नदीच्या तोंडावर, ओहोटीला, बारावर लाट फुटत असताना. होडीत बांगड्याने भरलेली जाळी, तीन माणसं, आणि मोटार दोन सिलिंडरवर धापा टाकतेय. मागून येणाऱ्या होडीने दोर टाकला म्हणून सगळे घरी आले. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. भांडला नाही. "तुम्ही सांगितलंत म्हणून एकच बदलली," एवढंच म्हणाला. भांडला असता तर बरं झालं असतं.

एका घरात तिन्ही बदलल्या म्हणून दुखलं, दुसऱ्या घरात एकच बदलली म्हणून जीवावर बेतलं. मग बरोबर कोण?

माझं आजचं मत असं आहे की दोन्हीकडे चूक एकच झाली. बघितल्याशिवाय ठरवलं. एकाने न तपासता तिन्ही बदलल्या, दुसऱ्याला मी न तपासता एक बदलायला लावली.

आधी कॉइल करते काय ते

जाणत्यांनी हा भाग सोडून पुढे जावं, पण नवीन पोरं मोटार हाताळतात, त्यांच्यासाठी लिहितो. आपल्या ओबीएममध्ये फ्लायव्हील फिरतं, त्याच्या लोहचुंबकामुळे आतल्या चार्ज कॉइलमध्ये वीज तयार होते. ती सीडीआय नावाच्या डबीत साठते. कोणत्या क्षणी ठिणगी हवी ते पल्सर कॉइल सांगते. त्या क्षणी सीडीआय दोन-तीनशे व्होल्टचा झटका इग्निशन कॉइलला देते, आणि इग्निशन कॉइल त्याचे वीस-तीस हजार व्होल्ट करून प्लगला पाठवते. म्हणजे कॉइलच्या आत दोन गुंडाळ्या असतात, एक जाड तारेची कमी वेढ्यांची, दुसरी केसासारख्या तारेची हजारो वेढ्यांची. मध्ये इन्सुलेशन. हे इन्सुलेशन उष्णतेने, थरथरीने आणि खाऱ्या ओलीने हळूहळू तडकतं. तडकलं की ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच पळ काढते.

लहान दोन सिलिंडरच्या बऱ्याच मोटारींत एकच कॉइल असते आणि तिला दोन वायरी असतात. त्यांच्यासाठी "सगळ्या की एक" हा प्रश्नच नाही. तीन सिलिंडरच्या मोटारीत साधारण प्रत्येकाला वेगळी कॉइल असते. प्रश्न त्यांचा आहे.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. चालू मोटार एका झटक्यात पूर्ण बंद पडली, तिन्ही सिलिंडर एकदम गेले, तर तिन्ही कॉइल एकाच क्षणी मेल्या असं सहसा होत नाही. तेव्हा आधी बंद करायच्या स्विचची क्लिप बघा, तेल येतंय का बघा, मग सीडीआय आणि चार्ज कॉइलकडे वळा. अशा वेळी कुणी तिन्ही कॉइलचं बिल पुढे केलं तर दोन प्रश्न जास्त विचारा.

तिन्ही बदला म्हणणाऱ्यांचं म्हणणं

"एक गेली, म्हणजे बाकीच्यो पण वतल्यो." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. त्यात तथ्य नाही असं नाही. तिन्ही कॉइल एकाच दिवशी मोटारीत बसल्या. तेवढेच तास चालल्या, तेवढंच खारं पाणी प्यायल्या, तेवढ्याच तापल्या. एक म्हातारी झाली तर तिच्या बहिणी तरुण कशा राहतील?

दुसरं म्हणजे, दर्यात गाडी बाजूला लावून मेकॅनिकला फोन करायची सोय नाही. रस्त्यावर कॉइल गेली तर एक तास जातो. बारावर गेली तर होडी आडवी होते. तेव्हा दर्यावरच्या माणसाने थोडा जास्तीचा खर्च केला तर त्याला उधळ्या म्हणू नये.

तिसरं, मेकॅनिकची मजुरी. मोटार उघडलीच आहे तर एकाच मजुरीत काम होतं. हेही खरं, पण यात फार दम नाही. बहुतेक मोटारींत वरचं झाकण काढलं की कॉइल समोर दिसते. बोल्ट काढायचे, वायर काढायची, नवीन लावायची. हे काही गिअर उघडण्यासारखं काम नाही.

एकच बदला म्हणणाऱ्यांचं म्हणणं

कॉइल ही काही पिस्टनच्या रिंगेसारखी रोज घासून झिजणारी वस्तू नाही. एकीत बारीक हवेचा बुडबुडा राहिला असेल, एकीचा बोल्ट ढिला राहून ती जास्त थरथरली असेल, एकीच्या टोपीत पाणी गेलं असेल. म्हणून ती गेली. बाजूच्या दोन आणखी अनेक वर्षं चालतात. जुन्या मोटारींत मूळ कॉइल अजून ठणठणीत असलेल्या तुम्हीही बघितल्या असतील.

शिवाय नवीन म्हणजे चांगलीच असं कुणी सांगितलं? विजेच्या वस्तूत जी खराब निघायची ती पुष्कळदा सुरुवातीच्याच दिवसांत खराब निघते. आणि बाजारात नकली माल किती आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चालत्या दोन अस्सल कॉइल काढून त्या जागी स्वस्तातल्या दोन नकली बसवल्या, तर तुम्ही पैसे देऊन मोटार बिघडवून घेतली.

मग मी चुकलो कुठे?

ज्या होडीवाल्याला मी सल्ला दिला, त्याची मोटार नंतर आम्ही शेडमध्ये आणून नीट उघडली. जे दिसलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. तिन्ही प्लगची टोकं झिजून गॅप किती तरी वाढलेला. दोन टोप्यांचं रबर तडकलेलं, आत हिरवा-पांढरा खार. कॉइलची काळी अर्थची वायर ज्या बोल्टखाली बसते, तो बोल्ट गंजलेला.

याचा अर्थ समजून घ्या. प्लगचा गॅप वाढला की ठिणगीला लांब उडी मारावी लागते. त्यासाठी कॉइलला जास्त व्होल्टेज तयार करावं लागतं. रोज, दर मिनिटाला हजारो वेळा. ते व्होल्टेज मग जिथे इन्सुलेशन कच्चं तिथून फुटतं. म्हणजे पहिली कॉइल मेली ती प्लगने मारली. आम्ही नवीन कॉइल लावली आणि मारणाऱ्याला तिथेच ठेवला. तीन आठवड्यांत त्याने दुसरी मारली. त्या दिवशी तिन्ही नवीन बसवल्या असत्या तरी थोड्या दिवसांनी आम्ही पुन्हा तिथेच आलो असतो, फक्त तिप्पट पैसे घालवून.

केरोसीनवर चालणाऱ्या मोटारींना हे जास्त लागू आहे. केरोसीनने प्लगवर काजळी लवकर धरते. प्लग कितीला येतो आणि कॉइल कितीला येते, याचा हिशेब केला तर प्लग वेळेवर न बदलणं हा आपला सगळ्यात महागडा कंजूसपणा आहे.

जाळं आपण कसं तपासतो?

मंडळी, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. जाळं फाटलं की आपण काय करतो? अख्खं जाळं फेकतो का? नाही. नुसतं भोक शिवून लगेच दर्यात जातो का? तेही नाही. फाटलेल्या जागेच्या बाजूचे आस दोन बोटांत धरून ओढून बघतो. धागा टिकला तर खडकाला लागून फाटलं, शिवलं की झालं. हातातच तट्कन तुटला तर धागा कुजला, तेवढा पूर्ण पट्टा बदलायचा. आणि कुजला का, हेही बघतो. ओलं ठेवलं होतं का, उन्हात पडलं होतं का?

कॉइलचं तेच करायचं. बाजूचे आस ओढून बघायचे.

ओढून बघायचं कसं

पहिलं, प्लग. जो सिलिंडर बंद वाटतो त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरला लावा आणि त्याचा याला. बंद पडणं प्लगबरोबर सरकलं तर दोष प्लगचा. विषय तिथेच संपला.

दुसरं, कॉइल. बंद सिलिंडरची कॉइल आणि चालू सिलिंडरची कॉइल अदलाबदल करा. नुसत्या प्लगच्या वायरी बदलायच्या नाहीत, त्याने ठिणगीची वेळ चुकते. कॉइलच जागेवरून उचलून बदलायची आणि सीडीआयकडून येणारी वायर ज्या सिलिंडरची त्यालाच ठेवायची. आधी मोबाईलवर फोटो काढा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. दोष त्याच सिलिंडरला राहिला तर कॉइल निर्दोष आहे. मग सीडीआय, पल्सर, कार्बोरेटर, कॉम्प्रेशन बघायचं. या एका अदलाबदलीने किती जणांचे पैसे वाचतील याचा विचार करा.

तिसरं, मीटर. प्लगची टोपी काढून तिन्ही कॉइल मोजा. जाड तारेच्या बाजूला अगदी थोडा ओहम येतो, बारीक तारेच्या बाजूला हजारांत. नेमका आकडा तुमच्या मोटारीच्या सर्व्हिस पुस्तकात असतो. पुस्तक नसलं तरी तिघींची एकमेकींशी तुलना करा. एक वेगळी निघाली तर ती संशयित. पण मीटरवर डोळे झाकून विश्वास नको. मीटर बॅटरीच्या बारक्या विजेने मोजतं. हजारो व्होल्टला फुटणारी तडा त्याला दिसत नाही. थंड असताना बरोबर दाखवणारी कॉइल अर्ध्या तासाने तापली की दगा देते. म्हणून जी मोटार किनाऱ्यावर चांगली आणि दर्यात थोड्या वेळाने अडखळते, तिची कॉइल तापल्यावर मोजा.

चौथं, डोळे. संध्याकाळी काळोख पडताना मोटार पाण्याच्या ड्रमात चालू करा आणि झाकण काढून लांबून बघा. कॉइलच्या अंगावरून किंवा टोपीतून निळी ठिणगी बाहेर उडताना दिसली तर ती कॉइल नाहीतर टोपी गेली. आसपास पेट्रोलचा वास असेल तर हे करू नका. आणि चालू मोटारीची टोपी हाताने ओढून "ठिणगी येते का" बघायची आपली जुनी खोड सोडा. झटका वेगळाच, आणि ठिणगीला वाट मिळाली नाही तर चांगली सीडीआयसुद्धा जाऊ शकते.

माझं मत, चार ओळींत

एक: मोटार फार जुनी नाही, एकच कॉइल गेली, बाकीच्या दोन तपासून ठीक निघाल्या आणि जाण्याचं कारण सापडलं, तर एकच बदला. पण दुकानातून दोन आणा. दुसरी मोटारीत लावायची नाही, होडीत ठेवायची.

दोन: एका मोसमात दुसरी कॉइल गेली, तर थांबा. आधी प्लग, टोप्या, अर्थ, बोल्ट बघा. कारण दुरुस्त करा आणि मग तिसरी पण बदला. आता धागा कुजलाय असंच धरायचं.

तीन: उरलेल्या कॉइलच्या अंगाला तडे आहेत, वायरीचं रबर कडक होऊन मोडतंय, तर त्या चालत असल्या तरी बदला. डोळ्यांना दिसणारी तडा ही शंका राहत नाही.

चार: काहीच तपासलं नसेल तर काहीच बदलू नका.

होडीतली एक कॉइल

पहिल्या मुद्द्यातली "दुसरी होडीत ठेवायची" ही गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, म्हणून हिशेब मांडतो. समजा एक कॉइल ४,००० रुपयांची आहे. हा आकडा फक्त हिशेबापुरता, तुमच्या मोटारीचा भाव दुकानात विचारा. तिन्ही बदलल्या तर १२,००० गेले. होडीत स्पेअर काही नाही. उद्या त्या तीनपैकी एखादी खराब निघाली तर तुम्ही दर्यात तसेच अडकलात.

एक बदलली आणि एक स्पेअर घेतली तर ८,००० गेले. तिन्ही कॉइलचा पार्ट नंबर एकच असेल, तर कोणतीही गेली तरी ती एक स्पेअर तिथे बसते. म्हणजे ४,००० कमी खर्चून तुम्ही जास्त सुरक्षित झालात. पार्ट नंबर एकच आहे का ते मात्र आधी बघा.

तरी कुणाला मनाच्या समाधानासाठी तिन्ही बदलायच्या असतील तर बदला, मी अडवणार नाही. ज्याचा जीव पाण्यावर असतो त्याने रात्री शांत झोपायला पैसे दिले तर ते वाया गेले असं मी म्हणणार नाही. फक्त काढलेल्या दोन चांगल्या कॉइल मेकॅनिककडून मागून घ्या. त्या तुमच्या आहेत. पुसून, सुकवून, प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून होडीत ठेवा. काकीचा दुसरा प्रश्न तोच होता, आणि तो पहिल्यापेक्षा शहाणा होता.

स्पेअर होडीत आहे पण ती लावता येत नाही, तर ती वजन म्हणून आहे. तेव्हा बंदी संपायच्या आत प्रत्येक होडीतल्या निदान दोघांनी किनाऱ्यावर एकदा कॉइल काढून घालून बघा. डब्यात पाना, प्लग पाना, दोन प्लग, स्विचची जादा क्लिप आणि एक कोरडं फडकं हवं. हलत्या होडीत बोल्ट पाण्यात पडतो, म्हणून दोन बोल्ट जास्तीचे ठेवा.

आणि कॉइल मरू नये म्हणून काय? आठवड्यातून एकदा झाकण काढा. ओल्या फडक्याने खार पुसा, वर पाण्याचा पाईप मारू नका. टोपीत थोडं सिलिकॉन ग्रीस. प्लगचा गॅप मोजा. बोल्ट आवळा. अर्ध्या तासाचं काम आहे.

डिझेलवाल्यांसाठी दोन ओळी

डिझेल इंजिनला इग्निशन कॉइल नसते, तिथे दाबाने पेट होतो. म्हणून ट्रॉलरवाले हसत असतील. पण हाच प्रश्न तुमच्याकडे नोझलच्या नावाने येतो. एक नोझल गळायला लागला की सगळे बदला. तिथेही माझं म्हणणं तेच. सगळे काढून पंपवाल्याकडे टेस्टिंगला लावा, प्रत्येकाचा दाब आणि फवारा डोळ्यांनी बघा, मग ठरवा. आणि डिझेलमध्ये पाणी किंवा घाण येत असेल तर नवे नोझल पण तसेच मरतील.

संस्थेने काय करावं

फक्त सभासदांना शहाणपण शिकवून सचिव मोकळा झाला असं नको. आपल्याकडच्या तीन सिलिंडरच्या मोटारी बहुतेक दोन-तीनच प्रकारच्या आहेत. प्रत्येकाने स्वतंत्र स्पेअर घ्यायची ऐपत नसते, हे मला माहीत आहे. म्हणून येत्या सर्वसाधारण सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे.

संस्थेने प्रत्येक प्रकारच्या दोन अस्सल कॉइल आणि प्लगचा एक खोका ऑफिसात ठेवावा. ज्याला लागेल त्याने न्यावी, पैसे हप्त्याने भरावे, आणि जागा लगेच नवीन कॉइलने भरावी.

एक चांगलं मीटर आणि ठिणगी तपासायचं साधन ऑफिसात असावं, सभासदाला मोफत.

एक वही असावी. कोणत्या होडीची कोणती कॉइल कधी गेली, किती मोसम चालली, कारण काय निघालं, आणि बाकीच्या नंतर किती टिकल्या. दोन-तीन वर्षं ही वही इमानदारीने भरली, तर "एक गेली म्हणजे सगळ्या जातात का" याचं आपल्याच पाण्यातलं, आपल्याच मोटारींचं उत्तर आपल्या हातात येईल. मग कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. माझ्यासुद्धा.

मेकॅनिक मंडळींनी राग मानू नये. पावसाळ्यात रात्री दहाला जेटीवर येऊन टॉर्चच्या उजेडात मोटार चालू करून देणारे तुम्हीच आहात, हे आम्ही विसरत नाही. विनंती एवढीच, बदलण्याआधी अदलाबदल करून होडीवाल्याला दाखवा, आणि काढलेला माल पिशवीत घालून त्याच्या हातात द्या. चांगल्या मेकॅनिकला याने काही कमी होणार नाही, विश्वास वाढेलच.

आणि शेवटचं. कॉइल नवीन असो, जुनी असो, मोटार कधीतरी दगा देणारच. एक सिलिंडर गेला तर रेस मारू नका, कमी वेगाने घराकडे वळा. बारावर यायच्या आधीच मागच्या होडीला कळवा, भरतीची वाट बघा, नांगर तयार ठेवा. लाईफ जॅकेट अंगात असू दे, फळीखाली नको. तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये आणि घरच्या बाईमाणसांकडेही असायला हवा.

काकी परवा बाजाराच्या वाटेवर भेटली. मी तिला सांगितलं, तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहितोय. ती म्हणाली, "लिही, पण आधी त्या दोन कॉइल आणून दे." त्या काही आता मिळायच्या नाहीत. निदान तुमच्या तरी जाऊ देऊ नका.

नारळी पुनवेला दर्याला नारळ द्यायला भेटूच. मोसम सगळ्यांना भरभरून जावो.

आपला,
सचिव